शेवटी घेतलेलं नाव

पापडीच्या बाजारात सुक्या बोंबलांची जुडी नाकाशी धरून रोझमेरी वास घेत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या दंडाला हात लावला. वळून पाहते तर इझाबेलमावशी. हातात कोथिंबिरीची पिशवी, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर नेहमीचंच हसू. पपा गेल्यापासून भेट झाली नव्हती, म्हणून रोझमेरीला वाटलं, आता दोन शब्द सांत्वनाचे येणार. मावशीने तसे दोन शब्द म्हटलेही, आईची चौकशी केली, पपांसाठीची चर्चमधली महिन्याची मिस्सा कधी आहे ते विचारलं, आणि मग निघता निघता, उद्या पाऊस पडेल का असं विचारावं तितक्या सहजपणे म्हणाली, "बाय, मी मेली ना, तर माझ्या मिस्सेला तू नको बोलू हं." रोझमेरी हसली. मावशीही हसली आणि गर्दीत मिसळून गेली. बोंबीलवालीने तीनदा विचारलं, घेणार की नाही, तेव्हा कुठे रोझमेरीच्या लक्षात आलं, की आपण ती जुडी अजून नाकापाशीच धरून उभ्या आहोत.

रिक्षात बसल्यावर तिला राग आला. राग यायला कारण होतं. गेली कित्येक वर्षं गावात कुणी वारलं, की घरची माणसं आधी फादरांकडे जात आणि मग रोझमेरीटीचरकडे. मराठी शाळेत भाषा शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आवाज खणखणीत होता आणि रडू आवरून बोलण्याची हातोटी होती. मिस्सा संपत आली, की ती वाचनपीठापाशी जाऊन उभी राही आणि चर्चमधला पंख्यांचा आवाजसुद्धा खाली गेल्यासारखा वाटे. प्रेमळ पिता, कष्टाळू शेतकरी, आदर्श माता, सर्वांना हवाहवासा शेजारी. माणसं ढसाढसा रडत आणि बाहेर आल्यावर तिचे हात धरून म्हणत, टीचर, तुम्ही आमच्या माणसाचं सोनं केलंत. तिने कधी कुणाकडून चहाच्या पलीकडे काही घेतलं नाही. ही आपली सेवा आहे असंच ती मानत आली. आणि आता ही इझाबेल, जिच्या नवऱ्याच्या मिस्सेला आपण इतकं सुंदर बोललो होतो, ती म्हणते नको बोलू. रिक्षा रस्त्यावरच्या खड्ड्यातून गेली आणि त्या धक्क्यासरशी रोझमेरीला आठवलं, की त्या दिवशी पहिल्या बाकावर बसलेली इझाबेल रडली नव्हती. सगळं चर्च रडत होतं आणि ती मान किंचित तिरकी करून ऐकत होती, जणू कुणा परक्याविषयी काही नवीन माहिती तिला कळत होती.

घरी आई ओट्यावर बसून वाल सोलत होती. "बाजारात कोन भेटलं?" आईने विचारलं. रोझमेरी म्हणाली, कुणी नाही. मग तिचं तिलाच जाणवलं, की हे किती पटकन तोंडातून गेलं. दर रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात 'खोटं बोलू नको' ही आठवी आज्ञा समजावून सांगणारी ती, आणि "कुणी नाही" म्हणताना जीभ कुठे अडखळलीसुद्धा नाही. आई सालं एका बाजूला सारत म्हणाली, "मिस्सेला काय बोलायचं ते ठरवलंस? ते पन सांग. पास्कलचं. लोकांना कळू दे." रोझमेरीने मान डोलावली आणि बोंबलांची पिशवी घेऊन आत गेली.

ते, म्हणजे पपांनी शेवटी तिच्या धाकट्या भावाचं, पास्कलचं नाव घेतलं ते. गावात आता सगळ्यांना ठाऊक होतं. अंत्यविधीच्या दिवशी वाडीच्या अंगणात शवपेटी ठेवलेली असताना पास्कल आला होता, सोळा वर्षांनी त्या फाटकाच्या आत. सुमेधा त्याच्या मागे उभी होती, कुठे उभं राहावं हे न कळून केळीच्या ओळीला टेकून. सातिवलीच्या एका कारखान्यात दोघं बरोबर काम करायची, तिथेच जमलं होतं. ती रत्नागिरीकडची हिंदू, तिने बाप्तिस्मा घेतला नाही, यानेही तिला घे म्हटलं नाही, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. पपांनी ऐकलं आणि एवढंच म्हटलं, "तू माझा कोन नाय." गावात पपांची ओळखच ती, पॉल म्हणजे शब्दाचा पक्का. होय म्हंजे होय, नाय म्हंजे नाय, हे त्यांचं पालुपद. उन्हाळ्यात सगळ्या आळीच्या विहिरी खाऱ्या झाल्या, तेव्हा माझ्या विहिरीवर कुनाला मज्जाव नाय असं एकदा म्हणाले, ते शेवटपर्यंत. बिल्डरची माणसं वाडी मागायला आली तेव्हा एकदा नाही म्हणाले, पुन्हा दार उघडलं नाही. आणि पास्कलला म्हणाले, ते सोळा वर्षं. दर नाताळला तो केक घेऊन फाटकापर्यंत यायचा, आई पदराखाली केक घेऊन यायची, आणि पपा आत वाडीत पाठमोरे, पानवेलींना आळं करत. बाप रुळांच्या अलीकडे आणि मुलगा पलीकडे, रिक्षाने वीस मिनिटांचं अंतर. तर त्या दिवशी पास्कल पेटीच्या पायथ्याशी उभा राहिला, त्याला रडू येत नव्हतं, आणि आईने उठून त्याची कॉलर दोन्ही हातांनी धरली नि ओरडली, "तुझंच नाव घेत गेला रे! पास्कल, पास्कल करत गेला!" सगळं अंगण हुंदक्यांनी भरून गेलं. सातव्या दिवसाच्या मिस्सेपर्यंत एक नातेवाईक सांगू लागली होती, की पॉलने तीनदा हाक मारली आणि दाराकडे हात केला.

हॉस्पिटलमध्ये पपांच्या उशाशी त्या दुपारी एकटी रोझमेरी होती. आई खाली चहा प्यायला गेली होती. पपांनी पास्कलचं नाव घेतलं नव्हतं. त्यांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि स्पष्ट, जरा चिडलेल्या आवाजात विचारलं, "मोटर बंद केली का?" ती म्हणाली, हो पपा, केली. त्यांनी डोळे मिटले, आणि आई जिना चढून वर आली तोवर सगळं आटोपलं होतं. रोझमेरीने हे कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण कुणी तिला विचारलंच नव्हतं. आईने एवढं मोठं वाक्य अंगणात उभं केलं होतं, की त्याच्या सावलीत बाकी सगळं झाकून गेलं. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते वाक्य आवडलं होतं. स्वयंपाक करताना, शाळेत वह्या तपासताना ती ते घोळवून घोळवून अधिक सुंदर करत होती. 'मृत्यूच्या उंबरठ्यावर पित्याचं हृदय पुत्राकडे वळलं.' हे वाक्य तिला शेंगदाण्याच्या चिक्कीसारखं जिभेवर गोड लागत होतं. आज मात्र ती ते मनात म्हणायला गेली आणि इझाबेलचा चेहरा आडवा आला, तिरकी मान, कोरडे डोळे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती सरळ इझाबेलच्या घरी गेली. निमित्त काही शोधलं नाही, शोधलं असतं तर तेही खोटंच झालं असतं. मावशी मागच्या अंगणात तांदूळ पाखडत होती. "मावशी, मला झोप नाही," रोझमेरी म्हणाली. "तुम्ही असं का म्हणालात?"

मावशीने सूप बाजूला ठेवलं. "रागवली काय तू?"

"रागावले होते. आता भीती वाटते."

मावशी पदराला हात पुसत म्हणाली, "माझा नवरा कसा होता, तुला ठाऊक होतं ना?"

रोझमेरीला ठाऊक होतं. सगळ्या आळीला ठाऊक होतं. संध्याकाळ झाली, की या घरातून भांड्यांचे आवाज यायचे, मग इझाबेलचा आवाज यायचा, मग काहीच यायचं नाही. आणि रोझमेरी वाचनपीठावरून म्हणाली होती, दांपत्यजीवनाचा आदर्श.

"तू चांगलं बोललीस," मावशी म्हणाली. "लय चांगलं. मी विचार करत बसली, हा कोन मानूस मेला? मला माझ्या मानसासाठी रडायचं होतं. त्यानं मला मारलं, खरं. पन माझं पोर तापानं फनफनलं होतं तेव्हा त्याला खांद्यावर टाकून वसईपर्यंत धावत गेला तो पन तोच होता ना? मला त्या दोघांसाठी रडायचं होतं. नि तू तिसऱ्याच कुनाला आनून त्या पेटीत ठेवलंस. मग मी कुनासाठी रडू? आजपर्यंत रडली नाय मी."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. दोष दिल्यासारखं काहीच नव्हतं. मग तिने चहा टाकला, बिस्किटं काढली, आणि रोझमेरीने दोन बिस्किटं खाल्ली, कारण त्या घरात त्या क्षणी नाही म्हणणं तिला जमलं नसतं. चालत घरी येताना तिला आपल्या सगळ्या मिस्सा आठवत राहिल्या. किती माणसं. चिडकी, कंजूष, बायकांना भिणारी, मुलांना मारणारी, एखाद्या दुपारी कधीतरी अतिशय दयाळू झालेली. सगळ्यांना तिने एकाच चुन्याने पांढरं करून टाकलं होतं, आणि त्या पांढऱ्याखाली कोण होतं हे आता त्यांच्या घरच्यांनाही सापडत नसेल. तिला वाटायचं, मेलेल्या माणसाविषयी खोटं बोललं तर कुणाचं काय बिघडतं, ते तर देवापाशी गेलं, देवाला सगळं ठाऊक आहेच. जिवंत माणसांचा विचार तिने केलाच नव्हता.

शनिवारी दुपारी ती झेंडू घेऊन दफनभूमीत गेली. नोव्हेंबरच्या आरंभाला मृतांच्या स्मरणदिनासाठी सगळ्यांनी आपापली थडगी रंगवली होती, दिव्यांचं मेण अजून कडेला साचलेलं होतं. पपांची मात्र अजून मातीच होती, आणि त्या मातीशी पास्कल उकिडवा बसला होता. तो असा रोज येतो हे तिला ठाऊक नव्हतं. केस विस्कटलेले, दाढी वाढलेली, गालफडं आत गेलेली. चाळिशी पार केलेला तो तिचा लहान भाऊ एकदम म्हातारा वाटला. ती शेजारी बसली. दोघांनी मिळून शिळी फुलं उचलली.

"बाय," तो म्हणाला, "पपांनी किती वाजता नाव घेतलं माझं?"

"का रे?"

"दुपारी ना? तीनच्या सुमाराला?" त्याने एक ढेकूळ हाताने फोडलं. "मी तिथेच होतो."

तिला कळेना. मग तो सांगत गेला, तिच्याकडे न बघता. पपांना दवाखान्यात ठेवलंय हे त्याला आदल्या दिवशीच कुणीतरी सांगितलं होतं. त्या दुपारी तो कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकून निघाला, हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत आला. आत जावं की नको. गेलो आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं तर? मरणाऱ्या माणसाला आपल्यामुळे मान वळवायचे कष्ट कशाला? म्हणून तो समोरच्या टपरीवर चहा पीत उभा राहिला. एक पिऊन झाला, दुसरा घेतला. मग परत सातिवलीला गेला. "आणि वर ते मला हाका मारत होते," पास्कल म्हणाला. "सोळा वर्षांनी मला हाक मारली, आणि मी खाली चहा पीत होतो. सुमेधा म्हणते, झोपेत मी 'आलो, आलो' म्हणून ओरडतो. बाय, मी वर का नाही आलो? पन्नास पायऱ्या नसतील."

रोझमेरीच्या हातातला झेंडू चुरगळला. सगळ्यांनी मिळून त्याच्या हातात सोनं म्हणून निखारा ठेवला होता आणि गेला महिनाभर तो मूठ आवळून बसला होता. तिला क्षणभर असंही वाटलं, की आपण आत्ता बोललो, तर बापाने मरताना तरी आपल्याला आठवलं एवढं एकच काय ते त्याच्यापाशी आहे, तेही जाईल. मग याच्यापाशी उरेल काय? मग तिला वाटलं, काय उरेल ते त्याचं त्याला ठरवू दे.

"पास्कल, त्यांनी तुझं नाव घेतलं नाही."

पास्कलने हातातली शिळी फुलं खाली ठेवली.

"आईला तुझ्याकडे बघवलं नाही म्हणून ती तसं बोलली. ती तेव्हा वर नव्हतीच. मी होते. त्यांनी तुला हाक मारली नाही."

"आईची आण?"

"आण कशाला? मी सांगते ना. मी तिथे होते."

दफनभूमीच्या भिंतीपलीकडून कुणाची तरी बैलगाडी करकरत गेली. पास्कलने थडग्यावरची माती हाताने सारखी केली. मग हळूच म्हणाला, "मग काय म्हणाले?"

"मोटर बंद केली का, म्हणाले."

त्याच्या ओठांच्या कडा हलल्या. "मोटर?"

"हो. आणि मी म्हटलं, केली पपा. आणि संध्याकाळी घरी येऊन बघते तर विहिरीवरची मोटर सकाळपासून चालूच. सगळी वाडी तुडुंब, पाणी पार शेजारच्यांच्या मोगऱ्यात गेलेलं."

पास्कल हसला. हसता हसता त्याचा आवाज फाटला आणि तो दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला, मोठ्याने, लहान मुलासारखा, अंगणात पेटीपाशी त्याला आलं नव्हतं ते सगळं रडू. रोझमेरीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाखालून त्याची बरगडी न् बरगडी हाताला लागत होती. बऱ्याच वेळाने तो नाक पुसत म्हणाला, "हे पपाच. मोटर बंद केली का. शाळेतून आलो की हेच. हात धुवायच्या आधी हेच." आणि मग, स्वतःशीच पडताळा घेतल्यासारखा, "म्हणजे मी वर आलो असतो तरी..."

"तरी त्यांनी तोंड फिरवलं असतं," ती म्हणाली. "बहुतेक. मला नक्की सांगता येणार नाही."

"फिरवलं असतं," पास्कल म्हणाला, आणि त्याने इतका लांब श्वास सोडला, की तिला वाटलं याचे खांदे दोन बोटं खाली आले. "हट्टी होते. मी ओळखतो ना त्यांना."

आईला सांगणं त्याहून अवघड होतं. संध्याकाळची रोझरी झाली, आईने माळ डबीत ठेवली, तेव्हा रोझमेरी म्हणाली, "आई, मी उद्या मिस्सेत ते सांगणार नाही. आणि पास्कलला मी खरं सांगितलं."

आई ताठ बसली. "काय खरं? मी ऐकलंय माझ्या कानानं."

"आई."

घरातल्या छोट्या वेदीवरच्या लाल बल्बच्या उजेडात आईचा चेहरा आक्रसत आक्रसत गेला. रोझमेरीने तिला हॉस्पिटलच्या फाटकाचं सांगितलं, चहाच्या टपरीचं, झोपेतल्या ओरडण्याचं. आईने पदर तोंडाशी नेला. "मेली मी," ती पुटपुटली. "पोराला मी..." आणि मग एकाएकी तिच्या आवाजाला धार चढली, तो आवाज रोझमेरीने पपा जिवंत असताना कधी ऐकला नव्हता. "मला कशाला लागतं ग खोटं बोलायला? त्यानं एक शब्द बोलला असता तर? एक! सोळा वर्षं मी त्या फाटकावर चोरासारखी केक घ्यायला जात होती, माझ्याच पोराकडून. जे त्यानं बोलायला पायजे होतं ते मी बोलली. त्याच्या वाटचं मी बोलली!" तिने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे हात केला. "शब्दाचा पक्का म्हने. त्या शब्दानं माझं घर फाडलं." महिनाभर आई 'देवमानूस होता' एवढंच म्हणत आली होती आणि अन्न तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्या संध्याकाळी ती नवऱ्याला मनसोक्त बोलली, रडली, पुन्हा बोलली, त्याने विहिरीचं पाणी गावाला कसं दिलं तेही त्याच रागात सांगितलं, आणि शेवटी दोन भाकऱ्या खाऊन गाढ झोपली.

रविवारी वाचनपीठापाशी उभी राहून रोझमेरीने समोर पाहिलं. पहिल्या बाकावर आई, तिच्या शेजारी पास्कल, आणि त्याच्या शेजारी सुमेधा, कधी उठायचं कधी बसायचं हे पास्कलकडे बघून ठरवणारी. "माझे वडील शब्दाला पक्के होते," रोझमेरी म्हणाली. "त्यामुळे उन्हाळ्यात आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गोडं पाणी आलं. त्याच पक्केपणामुळे माझा भाऊ सोळा वर्षं घरी आला नाही. त्यांनी शेवटी त्याला हाक मारली असं तुम्ही ऐकलं असेल. मी तिथे होते. त्यांनी हाक मारली नाही. ते चूक वागले, आणि आम्हीही चूक वागलो, कारण आम्हाला त्यांची भीती वाटायची आणि आम्ही त्यांना कधी तसं सांगितलं नाही. आमचं त्यांच्यावर प्रेम आहे. ते संत होते असं मी म्हटलं, तर तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करणार नाही. म्हणून सांगते, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. त्यांना तिची गरज आहे."

कुणी रडलं नाही. कुणीतरी खोकलं, फादरांनी खाली बघत चष्मा सारखा केला. बाहेर तिचे हात धरायला कुणी आलं नाही. ती नातेवाईक तर मान फिरवून निघून गेली. पण लोक पायऱ्या उतरून लगेच पांगले नाहीत. सावलीत घोळक्याने उभे राहून ते हलक्या आवाजात आपापल्या माणसांविषयी बोलत होते, एक म्हातारा तर हातवारे करून आपल्या बापाचा कुठलासा हट्ट सांगत होता आणि ऐकणारे हसत होते. रोझमेरीला अंग हलकं वाटत होतं, तापातून उठल्यावर पहिल्यांदा अंघोळ केल्यासारखं, जरासं थकलेलं आणि स्वच्छ.

घरी नाश्त्याला पाहुणे थोडेच होते. सुमेधा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थबकली. आई शेगडीकडे तोंड करून उभी होती. "ये ना आत," आई म्हणाली, "दूध उतू जाईल, बघ त्याच्याकडे." सुमेधाने गॅस बारीक केला, डबे उघडून साखर शोधली, चहा केला. आईने बशीत ओतून एक घोट घेतला.

"तुला खरं सांगू?" आई म्हणाली. रोझमेरी दारातच थांबली. "मला पन तू आवडत नव्हती. एकटा तोच नाय. मी त्याच्यावर सगळं ढकलत होती."

"मला ठाऊक होतं, आई," सुमेधा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण ती हसत होती. "केकचा डबा घेताना तुम्ही माझ्याकडे कधी बघायचा नाहीत."

"नाय बघायची," आईने कबूल केलं.

"मग आता?"

आईने बशी खाली ठेवली, सुमेधाकडे नीट पाहिलं, तिच्या पिकू लागलेल्या केसांकडे, साखर सांडलेल्या हाताकडे, मग पुन्हा बशी उचलली.

"आता बघते," आई म्हणाली. "चहात आलं जरा कमी घालत जा."